सतरा हजार क्लिक

"साहेब, बुरा नका मानू," नासीर म्हणाला, "पण आपण बत्तीस हजार म्हणाला होता." आणि त्याने कॉम्प्युटरचा पडदा पितांबरकडे वळवला. पडद्यावर आकडा होता अठ्ठेचाळीस हजार सहाशे अकरा. प्रत्येक कॅमेऱ्याच्या पोटात असा एक आकडा असतो. जन्मल्यापासून त्याचं बटण किती वेळा दाबलं गेलं, ते तो मुकाट्याने मोजत राहतो. फोटो पुसता येतात, तो आकडा पुसता येत नाही. जुना कॅमेरा देऊन नवा घ्यायला गिऱ्हाईक आलं की दुकानदार आधी तो बघतो, बैलाचे दात बघावेत तसा. पितांबरला हे ठाऊक होतं. म्हणून तर तो जळगावहून धुळ्याला येताना सगळी तयारी करून आला होता. मूळ खोकं, मूळ पट्टा, वॉरंटी संपून अकरा वर्षं झालेलं कार्ड, आणि तोंडी सांगायला ते वाक्य: तेरा वर्षांत बत्तीस हजार फक्त, हात राखून वापरलाय. ते वाक्य त्याने नासीरला आल्या आल्या ऐकवलं होतं आणि नासीरने मान डोलावून एक फोटो काढून तो कॉम्प्युटरवर टाकला होता. आता नासीर पडद्याकडे बघत नव्हता. समोरच्या माणसाला खोटं पकडल्याची लाज वाटू नये म्हणून तो एका लेन्सची काच उगाच पुसत बसला होता. त्या पुसण्याचाच पितांबरला जास्त राग आला.

"तुमचं मशीन चुकत असेल."

"मशीन नाही चुकत साहेब. माणूस भूल जातो." नासीर हसला. "घरात कुणी वापरत असेल. पोरंबिरं."

"पोरगी पुण्याला असते शिकायला. घरात कुणी नाही हो. बायको असते फक्त."

हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा त्यात काही वावगं आहे असं त्याला वाटलं नाही. नासीरने मात्र पुसायचं थांबवून एकदा वर बघितलं. "तर घरी विचारून घ्या," तो म्हणाला, "कॅमेरा इथेच आहे, दुकान इथेच आहे. घाई काय?" पितांबरने कॅमेरा पिशवीत घातला आणि तो बाहेर पडला. बाहेर मे महिन्याचं धुळ्याचं ऊन होतं, बाराचं. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. सोळा हजार सहाशे, तो मनाशी म्हणाला. धरून चाला सतरा हजार.

बत्तीस हजार ही त्याची नुसती बेरीज नव्हती, ते त्याचं चारित्र्य होतं. तो छत्तीस फोटोंच्या रोलवर शिकलेला माणूस. एक रोल महिना महिना पुरवायचा. पाखरू दिसलं की आजची पोरं बोट दाबून धरतात, खडखडखड वीस फोटो आणि त्यातला एक बरा. पितांबर रविवारी पहाटे मेहरूणच्या तळ्यावर जायचा, दोन दोन तास एका बाभळीखाली बसायचा आणि रोलभर, चाळीसेक फोटो काढून परत यायचा. चाळिसातले तीस हलायचे, उरलेल्यांत पाखरू निघून गेलेलं असायचं, ते सोडा. पण उधळपट्टी नाही. काढलेला एकही फोटो त्याने कधी पुसला नव्हता, म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर पाहून त्याला आकडा छातीठोक सांगता येत होता. आणि कॅमेराही कसा, तर इमानी. कोणत्याही रविवारी हातात घ्या, बॅटरी भरलेली. तळ्यावरच्या रविवारच्या मंडळींना तो नेहमी सांगायचा, जुनं काम ते जुनं काम, तेरा वर्षं झाली, बॅटरी अजून उतरत नाही. आज परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर त्याला पहिल्यांदा प्रश्न पडला, की बाबा रे, बॅटरी कशी काय उतरत नाही?

खरं म्हणजे नवा कॅमेरा घ्यायचं त्याच्या मनात आलंच नसतं. ते स्वप्नीलने आणलं. स्वप्नील त्याच्याच कचेरीत कनिष्ठ म्हणून लागला तेव्हा त्याला लेन्सचं झाकण काढायचं भान नसायचं. पितांबरनाना, पितांबरनाना करत मागे फिरायचा. पितांबरनेच त्याला उजेड म्हणजे काय, सावली म्हणजे काय, हे चहाच्या टपरीवर कपबशा मांडून शिकवलं. मग त्याची धुळ्याला बदली झाली आणि तिथे त्याने नवा कॅमेरा घेतला, तो आरसा नसलेला, पाखराचा डोळा आपला आपण शोधून काढणारा. वर्षाच्या आत एका पतसंस्थेच्या कॅलेंडरवर स्वप्नीलचा खंड्या आला. चोचीत मासा, माशाच्या शेपटीवर थेंब, थेंबात सूर्य. आला तोही मे महिन्याच्या पानावर. आणि ते कॅलेंडर पितांबरच्या टेबलाच्या बरोबर समोर लागलं. मे महिना एकतीस दिवसांचा असतो याचा त्याला जन्मात पहिल्यांदा राग आला. तो रोज फाइलीत मान घालून बसायचा, आणि मान वर केली की खंड्या. जो तो येऊन विचारायचा, नाना, तुमच्या चेल्याने काढला ना? चेल्याने म्हणताना लोकांच्या तोंडावर जे असायचं ते त्याला नको असायचं. पोटात दुखतं म्हणतात ते काही बोलण्यापुरतं नसतं. पितांबरच्या खरोखर बरगडीखाली दुखायचं, डाव्या बाजूला, साधारण चारच्या चहापर्यंत. स्वप्नीलने फोनवर एक वाक्य मात्र असं टाकलं, की त्यावर तो तगून राहिला. "नाना, तुमच्या हातात हा कॅमेरा असता ना, तर आम्ही दुकान बंद केलं असतं." म्हणजे हात माझा, कॅमेऱ्याची तेवढी कमी. हे वाक्य त्याने दिवसातून कितीदा घोळवलं असेल याचा हिशोब कुठल्या यंत्रात नव्हता. त्याच वाक्याच्या जोरावर तो आज धुळ्याला गेला होता.

मुकटी गेलं. बस भट्टी झाली होती. पुढच्या बाकावरच्या बाईने ओला पंचा डोक्यावर घेतला होता आणि तिचं लेकरू तो पंचा चोखत होतं. सतरा हजार. सतरा हजार वेळा कुणीतरी त्याच्या कपाटातून, त्याच्या मऊ फडक्यात गुंडाळलेला, त्याचा कॅमेरा काढला होता आणि डोळ्याला लावला होता. कुणीतरी काय, घरात दुसरं होतं कोण! पण कामिनी? कामिनीला रिमोटच्या बॅटऱ्या बदलता येत नाहीत, असं त्याचं मत होतं. रिमोटच्या बॅटऱ्या गेली वीस वर्षं कोण बदलतं, याचा मात्र त्याने विचार केला नव्हता. तिला शिकवलं कुणी? या प्रश्नाशी त्याचं मन आलं आणि बैल विहिरीशी बिचकावा तसं थांबलं. कारण त्याला पद्मालय आठवलं. सहा वर्षं झाली असतील. कचेरीतली चार कुटुंबं एरंडोलला बसने आणि तिथून टमटमने देवळाला गेली होती. तळ्यात कमळं होती. पितांबर कमळांच्या मागे लागला होता. बाकीच्यांचं जेवण झालं तरी तो चिखलात गुडघे टेकून बसलेला. मग सगळ्यांचा एक फोटो काढायचा ठरलं आणि पितांबरला त्यात यायचं होतं, म्हणून कामिनीच्या हातात कॅमेरा दिला. इथे दाब, बाकी कशाला हात लावू नको. तिने दाबलं. परत आल्यावर स्वप्नीलने तो फोटो बघितला आणि जरा वेळ बघत राहिला. "वहिनी, तुमचा डोळा चांगला आहे हो," तो म्हणाला होता. कामिनी पदराने हात पुसत आत निघून गेली होती. पितांबर हसला होता. आता बसच्या तापलेल्या गजाला कोपर लागून भाजलं तरी त्याने ते काढलं नाही. डोळा चांगला आहे म्हणजे काय? कुणी परक्याच्या बायकोला डोळा चांगला आहे असं म्हणतं का? आणि स्वप्नील त्यानंतर दोन वर्षं जळगावलाच होता. घर माहीत. दुपारी पितांबर कचेरीत असतो हे तर त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार! पारोळ्यापासून पाळधीपर्यंत त्याने सगळं रचलं. दुपार, गच्ची, तो शिकवतोय, ती वाकून बघतेय, बोटावर बोट. आणि गंमत अशी, म्हणजे नंतर त्यालाच याची लाज वाटली, की त्या सगळ्या चित्रात त्याला सर्वांत जास्त डाचलं ते बोटावर बोट नव्हे. तिने पाखराचा फोटो काढला आणि तो हलला नाही, हे डाचलं.

मेहरूणच्या घरी तो पोचला तेव्हा पाच वाजले होते. कामिनी ओट्यापाशी वांगी भाजत होती, भरताची. घरभर तो धुराचा, सालीचा वास होता. त्याने पायातल्या चपला काढल्या नाहीत. बसमध्ये जुळवलेली सगळी उलटतपासणी तोंडाशी होती, पण निघालं ते एवढंच:

"कॅमेरा कोण वापरतं?"

"मी," कामिनी म्हणाली आणि तिने वांगं फिरवलं.

असं उत्तर असतं होय! माणसाने निदान दचकावं, पदर सावरावा, कोण म्हणतं असं विचारावं. पितांबर दारातच उभा राहिला.

"केव्हापासून?"

"पूनम दहावीला होती तेव्हापासून. ती क्लासला जायची, तुम्ही ऑफिसला. चपला काढा आधी, आत्ताच फरशी पुसलीय."

त्याने चपला काढल्या. "स्वप्नीलने शिकवलं?"

आता मात्र तिने मागे वळून बघितलं आणि ती हसली, अगदी मनापासून. "स्वप्नीलने? अहो, त्याला काय येतं? त्याचा तो पक्षी पाहिला मी कॅलेंडरवर. सगळं लख्ख दिसतं, पण त्यात आहे काय?"

ज्या खंड्याने त्याचा सबंध मे महिना नासवला होता त्याची तिने दोन शब्दांत वासलात लावली. पितांबरला खरं तर आनंद व्हायला हवा होता. कणभर झालाही. पण त्या वाक्यामागे एक ठाम माणूस उभा होता आणि त्या माणसाशी त्याची ओळख नव्हती.

"मग कुणी शिकवलं?"

"तुम्हीच की. रविवारी तळ्यावरून आलात की सगळ्यांना फोनवर समजावून सांगत बसायचात. उजेड मागून आला तर असं करा, हात स्थिर नसेल तर तसं करा. मी पोळ्या लाटता लाटता ऐकायची." तिने वांगं ताटलीत काढलं आणि त्याचं साल सोलायला लागली. "बॅटरी लावून ठेवायची शनिवारी. तुम्हाला अडचण नको."

फोटोंचं स्वतःचं वेगळं कार्ड तिने लपवलंही नव्हतं. फ्रिजच्या नि मिक्सरच्या कागदांबरोबर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत तिची तीन कार्डं होती. विचारलं असतं तर दाखवली असती. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात, पण पितांबरचा वळसा चांगला धुळ्यापर्यंत गेला होता. त्याने ती कार्डं कॉम्प्युटरला लावली आणि तो बघायला बसला, गुन्ह्याचा पुरावा तपासायला बसावं तसा ताठ. पहिले काही शे फोटो फालतू होते, हललेले, तिरके. त्याला बरं वाटलं. मग हळूहळू ते सरळ होत गेले आणि मग एका ठिकाणी, तारीख त्याने पाहिली, चार वर्षांपूर्वीचा श्रावण, ते असे काही झाले की तो खुर्चीत पुढे सरकला. भाजीवाली तराजू धरून दुसरीकडेच बघतेय आणि काटा बरोबर मधे. पूनम पुस्तकावर गाल टेकून झोपलेली, ओठाच्या कोपऱ्यातून पानावर ओघळ. शेजारच्या मिसबाहची धाकटी मुलगी दारात एका पायावर उभी, दुसरा पाय पोटरीला घासतेय. गल्लीतल्या बायकांच्या नुसत्या माना, पाणी भरताना वाकलेल्या, एकापाठोपाठ. या सगळ्यांना तो ओळखत होता. यांच्या गल्लीत तो वीस वर्षं राहत होता आणि रविवारी यांच्या अंगावरून तळ्यावर पाखरं शोधायला जात होता. सतरा हजारांत तो स्वतः तीनदा सापडला. एकदा दाढी करताना आरशात, एकदा वर्तमानपत्रामागे, आणि एकदा लांबून, बाभळीखाली, डोळ्याला कॅमेरा... नाही, कॅमेरा कसा असेल! कॅमेरा तर तिच्या हातात होता. एखाद्या सुट्टीच्या संध्याकाळी तो नुसती दुर्बीण घेऊन जायचा, तशी ती लावून बसला होता. इतका लहान दिसत होता, की आधी त्याला वाटलं कुणीतरी गोणी टाकलीय.

असूया म्हणावं तर आजवर त्याने ती स्वप्नीलची केली होती. ती बाहेरची होती, कचेरीत ठेवून घरी येता येत होती. ही घरात होती आणि भरतावर फोडणी घालत होती. लसणाची फोडणी तडतडली. आणि त्याच वेळी पडद्यावर धुरपदाबाई आल्या.

धुरपदाबाई म्हणजे वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या. कामिनीच्या माहेरच्या, शिंदखेड्याच्या, म्हणून ती त्यांना मावशी म्हणते, आणि म्हणून पितांबर त्यांचा जावई. दर उन्हाळ्यात पहाटे गच्चीवर त्यांच्या हाताखाली सगळ्या बिल्डिंगचे बिबडे होतात. ज्वारीचं मिरची-लसूण घातलेलं पीठ शिजवून गरम असतानाच ओल्या फडक्यावर थापायचं आणि उन्हात टाकायचं. पडद्यावर तीच पहाट होती. पातेल्यातून वाफ येतेय. धुरपदाबाई पिठाचा गोळा उचलतायत. पुढचा फोटो, बोटं भाजली. पुढचा, हात झटकतायत. आणि मग त्या मालिकेत खंड पडला. पितांबरने पुढे सरकवलं, मागे सरकवलं. पुढचा फोटो दुसऱ्या दिवसाचा होता. मधला एक फोटो तिथे नव्हता. तो कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. तो त्याच्या पाठीमागे भिंतीवर होता, काचेच्या चौकटीत, दोन फूट बाय तीन फूट. भाजलेली बोटं लहान मुलासारखी तोंडात घालून म्हातारी डोळे मिटून हसतेय. खाली पितळी पट्टी: श्रमदेवता. जिल्हा छायाचित्र स्पर्धा, प्रथम. पितांबरच्या आयुष्यातला एकमेव पहिला नंबर. परीक्षक म्हणाले होते की विषयाशी अशी जवळीक क्वचित दिसते. सत्काराला उत्तर देताना पितांबर म्हणाला होता, "तो क्षण मी टिपला नाही, त्या क्षणाने मला टिपलं." टाळ्या पडल्या होत्या. बटण दाबल्याचं त्याला आठवत नव्हतं हे खरं, पण कार्ड त्याचं होतं, कॅमेरा त्याचा होता, आणि मोठ्या कलावंतांचं असंच होत असतं असं त्याने कुठेसं ऐकलं होतं.

"कामिनी."

ती हात पुसत आली. पडद्याकडे तिने बघितलं, भिंतीकडे बघितलं नाही.

"इथला एक नाही यात."

"माझं कार्ड भरलं होतं त्या वेळी. तुमचं घातलं घाईत. मग काढून घ्यायचं राहिलं."

"मी गेलो होतो त्या दिवशी गच्चीवर," पितांबर म्हणाला. त्याचा आवाज चढला. "मला चांगलं आठवतंय. रविवार होता. तळ्यावर न जाता मी बुलबुलासाठी वर गेलो होतो. कॅमेरा माझ्या गळ्यात होता."

"गेला होतात ना. उशिरा उठून, साडेआठला. तोवर बिबडे टाकून झाले होते सगळे."

"कशावरून?"

तिला ते बोलायचं नव्हतं, हे त्यालाही दिसलं. "अहो," ती हळू म्हणाली, "तुमच्यासमोर धुरपदामावशी पदर पाडतील का कधी?"

तेव्हा पितांबरने मागे वळून भिंतीकडे बघितलं. धुरपदाबाईंचं डोकं उघडं होतं. विरळ पांढरे केस, मधोमध भांग, कानामागे पिठाचा डाग. वीस वर्षांत त्याने त्यांचं कपाळ कधी धड पाहिलं नव्हतं. जिन्यात तो समोर आला की त्या भिंतीला लागून उभ्या राहायच्या, पदर नाकापर्यंत ओढून. जावयासमोर तोंड उघडून हसणं तर सोडाच. परीक्षकांना हे माहीत असायचं कारण नव्हतं. पण तो इथलाच होता. त्याच्या स्वतःच्या सासूने त्याच्यासमोर मरेपर्यंत डोकं उघडं टाकलं नव्हतं. तीन वर्षं तो रोज या फोटोखाली बसून चहा पीत होता, आल्यागेल्याला तो दाखवत होता, आणि एखाद्या आंधळ्यालाही दिसावं ते त्याला दिसलं नव्हतं.

"बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती खूश होतात," कामिनी म्हणाली. "चला, भरीत निवतंय."

सोमवारी दुपारी कचेरीत नासीरचा फोन आला. समोर खंड्या होताच. "साहेब, विचारलं का घरी?" पितांबर हो म्हणाला. "मग असं करा," नासीर म्हणाला, "मी सांगतो म्हणून ऐका, माझाच तोटा आहे. जुना देऊ नका. त्याचे काही फार येत नाहीत. तो राहू द्या घरी, ज्याला हात बसलाय त्याच्यापाशी. तुम्ही नवा घ्या. दोघंही खूश." केवढं सोपं होतं! पैशाचीही तशी अडचण नव्हती. जुना कामिनीचा, नवा त्याचा. रविवारी दोघं तळ्यावर. रिसीव्हरला कान लावून पितांबरने ते सबंध चित्र बघितलं आणि त्याला दरदरून घाम फुटला. कारण त्या चित्रात त्याच्या हातात नवा कॅमेरा होता, पाखराचा डोळा आपोआप शोधणारा, आणि तिच्या हातात तो तेरा वर्षांचा खटारा, आणि तरीही. तरीही फोटो तिचेच. मग काय सांगायचं? आज निदान म्हणता येत होतं, की कॅमेरा जुना आहे. स्वप्नीलही म्हणत होता. नवा घेतला की ती सबब संपली. मग राहील फक्त त्याचा डोळा, बावन्न वर्षांचा, आणि त्याला काय दिसतं नि काय दिसत नाही ते सगळ्या जगाला कळेल. आणि जुना देऊन नवा घ्यावा, तर तो नवाही त्याच कपाटात राहणार, आणि दुपार झाली की तिच्याच हातात जाणार.

"नको नासीरभाई," तो म्हणाला. "मला माझा जुनाच बरा आहे."

मंगळवारपासून तो कॅमेरा कचेरीत न्यायला लागला. सकाळी डब्याच्या पिशवीत तळाला कॅमेरा, वर डबा. कामिनीने पहिल्या दिवशी पिशवी भरताना बघितलं. तो आपण होऊनच म्हणाला, "दुपारच्या सुट्टीत जरा हात चालवतो. आवारात निंबावर पाखरं असतात." निंबावर कावळे असायचे. दुपारच्या सुट्टीत तो टेबलाच्या खणाला कुलूप लावायचा, कॅमेरा आत आहे याची खात्री करायचा आणि चहाला जायचा. रविवारच्या मंडळींत त्याच्या निर्णयाचं मोठं कौतुक झालं. नानांनी नवा घेतला नाही. खरा माणूस यंत्राच्या नादी लागत नाही. स्वप्नीलने तर गटावर लांबलचक लिहिलं, की आपण सगळे हत्यारं बदलत बसलो आणि नाना हात बदलत राहिले. पितांबरने त्याला नमस्काराचा हात पाठवला. फोटो भिंतीवरच राहिला. काढला असता तर का काढला ते सांगावं लागलं असतं. फक्त तो आता भिंतीकडे पाठ करून बसायचा, टीव्हीच्या बाजूने, आणि कुणी पाहुणा त्याविषयी बोलायला लागला की उठून पाणी आणायला जायचा. कामिनी तेव्हा पाहुण्याशी बोलत राहायची. हो, ह्यांनी काढलाय, म्हणायची. यात टोमणा असता तर बरं झालं असतं. तो शोधायचा, ती गेल्यावरही शोधत बसायचा, आणि तो नसायचा.

जूनच्या सुरुवातीला जिन्यात धुरपदाबाई भेटल्या. नेहमीप्रमाणे भिंतीला लागल्या, पदर ओढला आणि पदराआडून, भिंतीशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "जावईबापू, कामिनीले बरं नही का?"

"बरं आहे की मावशी. का?"

"गच्चीवर येत नही ती आते. आम्ही बठ्ठा वाट देखतस. फोटो काढाले येत नही."

"कॅमेरा ऑफिसात असतो आता," पितांबर म्हणाला.

"असं व्हय," धुरपदाबाई म्हणाल्या. त्या आणखी काही बोलतील म्हणून तो पायरीवर थांबला. पण त्या बोलल्या नाहीत, भिंतीकडे तोंड करून तो जायची वाट बघत राहिल्या. तो वर चढला. तीन पायऱ्या चढल्यावर त्याला वाटलं की त्यांनी आता पदर मागे टाकला असेल. त्याने वळून बघितलं नाही.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी तो घरी आला. पिशवी टेबलावर ठेवली. कामिनीने डबा काढला आणि डब्याखालचा कॅमेराही काढला, मऊ फडकं घेतलं आणि ती तो पुसायला लागली. लेन्सच्या कडेला, बटणांच्या फटीत धूळ बसली होती. कचेरीतल्या खणातली, फाइलींची, पिवळट. ती फुंकर घालत होती, पुसत होती. तिची बोटं न बघता बटणांवरून फिरत होती. एवढ्या वर्षांत पितांबरची बोटं अजून ती बटणं चाचपायची. त्याला ते बघवेना.

"घरीच ठेवत जा हो," ती म्हणाली. "तिथल्या धुळीनं वाटोळं होईल त्याचं. रोज ओझं तरी किती न्यायचं?" मग तिने कॅमेऱ्याला झाकण लावलं, तो त्याच्यापुढे ठेवला, आणि उद्या दूधवाला येणार नाही असं सांगावं इतक्या साध्या सुरात म्हणाली, "मी नाही लावणार हात."

घे की, असं म्हणायचं होतं. शब्द तयार होते. इतके दिवस ते तयार होते, तेवढं तोंड उघडायचं होतं. तुझाच आहे, घे. त्याने तोंड उघडलंही. कामिनी बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि वाट बघणंही आता फारसं उरलं नव्हतं.

"ठीक आहे," पितांबर म्हणाला.

ती स्वयंपाकघरात गेली. तव्यावर भाकरी पडल्याचा आवाज आला. तो खुर्चीत बसून राहिला. आपल्याला आता फार वाईट वाटेल, अशी त्याने वाट बघितली. थोडा वेळ बघितली. पण खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. बरगडीखाली डाव्या बाजूला जे महिनाभर दुखत होतं, ते थांबलं होतं. कितीतरी दिवसांनी त्याला कडकडून भूक लागली. तो पाटावर जाऊन बसला. कामिनीने वाढलं आणि तो दोन भाकरी जेवला, आणि तिने विचारलं तेव्हा अर्धी अजून घेतली.